ग्रीसच्या पेशींवर 98 टक्के, आपल्याकडच्या स्लाइडवर नापास: माझं कुठं चुकलं?

तेरणाकाठ · सोमवार, रात्री 11:20

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातली, सध्या छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय मी स्वतः मागून घेतलाय. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पॅप स्मिअरची स्लाइड करतात ना, तिच्यातल्या पेशींचा फोटो बघून कोणती पेशी बिघडायला लागलीय ते कॉम्प्युटरनं ओळखायचं.

हाच विषय का, तर माझी मावसआजी. आजीची धाकटी बहीण. अंगावरून पांढरं जायचं, ते तिनं दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. मग लाल जायला लागलं, तेही पाळी गेल्यानंतर. दवाखाना गाठेपर्यंत तिसरी स्टेज झाली होती. मी तेव्हा आठवीत होते. आजी अजूनही ज्वारी निवडता निवडता मध्येच थांबते आणि म्हणते, "मला तरी सांगायचं हुतं की तिनं."

आता प्रश्न. मी सिपॅकमेड नावाचा डेटासेट घेतला. ग्रीसमधल्या संशोधकांनी 2018 साली तो सगळ्यांसाठी खुला केलाय. मायक्रोस्कोपखाली काढलेल्या 966 फोटोंमधून एकेक पेशी कापून काढलीय, अशा 4,049 पेशी. त्या पाच प्रकारांत लावल्यात: सुपरफिशियल-इंटरमीजिएट, पॅराबेसल, मेटाप्लास्टिक, कॉइलोसाइट आणि डिस्केराटोटिक. शेवटचे दोन बिघडलेले. मी फोटो ओळखायला आधीच शिकवून तयार असलेलं रेसनेट-50 नावाचं कॉम्प्युटर मॉडेल घेतलं, 80 टक्के पेशींवर त्याला पुढं शिकवलं आणि उरलेल्या 20 टक्क्यांवर परीक्षा घेतली. 98 टक्के उत्तरं बरोबर आली. सर खूश झाले, मी तर रात्रभर जागी होते आनंदानं.

मग लातूरला एका ओळखीच्या लॅबमध्ये गेले. मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल लावून 40 जुन्या स्लाइडचे फोटो काढले. त्यातल्या 36 जणींचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. माझं मॉडेल मात्र झाडून सगळ्या पेशींना डिस्केराटोटिक म्हणतंय, आणि जिथं तसं म्हणत नाही तिथं कॉइलोसाइट म्हणतंय. म्हणजे मॉडेलच्या हिशोबानं जवळजवळ सगळ्याच बायका आजारी. फोटो उजळ केले, पेशी नव्यानं कापल्या, काही फरक पडेना.

मोबाइलचा दोष आहे का? मोठं मॉडेल घेऊ का? जास्त फोटो गोळा करू का? पाच आठवड्यांत सबमिशन आहे. आणि एक विचारायचंच आहे. माझं बायोलॉजी बारावीला सुटलं. माझ्यासारखीनं या कामात हात घालावा का? की कॉम्प्युटरवाल्यांनी कॉम्प्युटरचंच बघावं?

---

गोदाकाठ_नांदेड · सोमवार, रात्री 11:58

मी पुण्यात वैद्यकीय फोटोंवरच काम करतो, त्यामुळं राहवलं नाही.

मोबाइलकडं नंतर येऊ. आधी ते 98 बघा. तुम्ही 80-20 कसं केलंत? सगळ्या 4,049 पेशी एका पिशवीत टाकून, हलवून, मूठभर बाहेर काढल्या ना? तिथंच गडबड झाली.

पॅराबेसलचा फोल्डर उघडा. त्यात 787 पेशी आहेत, पण त्या फक्त 108 फोटोंमधून कापलेल्या आहेत. म्हणजे एका फोटोतून सरासरी सात. या डेटासेटमध्ये एका फोटोतल्या सगळ्या कापलेल्या पेशी एकाच प्रकारात जातात. आता त्या सातांपैकी पाच शिकवणीला गेल्या आणि दोन परीक्षेला, तर मॉडेलला पेशी ओळखायची गरजच काय? त्या फोटोचा उजेड, मागच्या पडद्याचा रंग, रंगकामाची छटा एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. पेपर फुटलेला होता. तुमच्या मॉडेलनं पेशी किती ओळखल्या आणि फोटो किती ओळखले, हे 98 वरून कळतच नाही.

फाइलच्या नावात पहिला आकडा मूळ फोटोचा आहे, अंडरस्कोअरनंतरचा पेशीचा. त्या पहिल्या आकड्यावरून गट करा आणि अख्खा फोटो एक तर शिकवणीत टाका नाही तर परीक्षेत. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत ग्रुप-के-फोल्ड नावानं हे तयार मिळतं, चार ओळींचं काम. फक्त आकडा पाचही फोल्डरमध्ये एकपासून सुरू होतो, म्हणून गटाच्या नावाला फोल्डरचं नाव जोडा, नाहीतर वेगवेगळे फोटो एकच समजले जातील. खरं तर गट बाईप्रमाणे करायला हवा, कारण एकीच्या स्लाइडचे अनेक फोटो असू शकतात. पण या डेटासेटच्या फाइलींवरून ते कळायला मार्ग नाही. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा.

आकडा खाली येईल. घाबरू नका. खाली आलेला आकडा तुमचा असेल.

एक मात्र कडक सांगतो. त्या 40 स्लाइडसाठी एथिक्स कमिटीची परवानगी घेतली होती का? स्लाइडच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीनं बाईचं नाव लिहिलेलं असतं. तुमच्या एखाद्या फोटोत ते आलंय का, आजच तपासा. ओळखीवर फोटो मिळतात, पण त्या बायांना कुणी विचारलेलं नसतं. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 2023 साली आरोग्यातल्या एआयसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, ती वाचा आणि सरांना घेऊन रीतसर अर्ज करा. तोवर ते फोटो प्रोजेक्टमध्ये वापरू नका, कुठं चढवूही नका.

---

काचपट्टी · मंगळवार, सकाळी 6:45

बाळा, मी लातूरची. 29 वर्षं सायटोटेक्निशियन म्हणून, म्हणजे स्लाइडवरच्या पेशी तपासत, मायक्रोस्कोपवर काढली. आता रिटायर झालेय, पण दर मंगळवारी एका लॅबमध्ये नव्या पोरींना शिकवायला जाते. कॉम्प्युटरचं वरच्या दादांनी सांगितलं, ते मला पटलं. मी तुला स्लाइडचं सांगते.

तुझ्या लातूरच्या फोटोंमधल्या पेशी नारंगी-गुलाबी दिसायलेत का? आणि केंद्रक फुगल्यासारखं, कडा धूसर? तसं असेल तर तुझं मॉडेल डोळे मिटून बोलत नाहीये. त्याला दिसलं तेच ते सांगायलंय, फक्त त्याचा अर्थ आपल्याकडं वेगळा आहे.

स्मिअर कसा घेतात ते कधी बघितलंस का? लाकडी स्पॅच्युला गर्भाशयमुखावरून गोल फिरवायचा आणि त्यावरचं काचेवर पसरवायचं. पसरवलं की लगेच, श्वास घ्यायच्या आत म्हटलं तरी चालेल, ती काच 95 टक्के अल्कोहोलच्या बरणीत उभी सोडायची. कमीत कमी पंधरा मिनिटं. ओली असतानाच बुडाली पाहिजे. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांपुढं आण. शिबिर शाळेच्या खोलीत, वर पंखा गरगर फिरतोय, बाई लाजून अंग चोरते म्हणून वेळ लागतोय, आणि नर्सच्या एका हातात काच, दुसऱ्या हातात कागद. तिनं नाव लिहीपर्यंत स्लाइड वाळते. मी शिबिरात गेले की सगळ्यात आधी पंखा बंद करायला लावायची. बाया घामाघूम व्हायच्या, कुरकुर करायच्या, पण मी ऐकायची नाही.

वाळलेली पेशी काचेवर चपटी होते. केंद्रक पसरतं, मोठं दिसतं, आतली जाळी पुसट होते. आणि रंग देताना निळसर-हिरवा यायचा तिथं नारंगी-गुलाबी झाक येते. आता तुझ्या ग्रीसच्या डेटासेटमधली डिस्केराटोटिक पेशी आठव. नारंगी रंग, वेळेआधी केराटिन धरलेलं, केंद्रक गडद. तुझ्या मॉडेलनं "नारंगी म्हणजे डिस्केराटोटिक" एवढंच शिकून घेतलं असावं असा माझा अंदाज. म्हणून वाळलेली प्रत्येक पेशी त्याला आजारी वाटते.

कॉइलोसाइटचंही तसंच. एचपीव्ही, म्हणजे ज्याच्यामुळं हा कॅन्सर होतो तो विषाणू, शिरलेल्या पेशीत केंद्रकाभोवती पांढरं रिंगण पडतं. पण खऱ्या रिंगणाची कड कात्रीनं कापल्यासारखी ठळक असते आणि आतलं केंद्रक मनुक्यासारखं सुरकुतलेलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाईच्या साध्या पेशीतही केंद्रकाभोवती बारीकसं रिंगण दिसतं, फक्त त्याची कड विरघळलेली असते. आपल्याकडं संसर्ग अंगावर काढणाऱ्या बाया किती, हे तुला सांगायला नको. मला हा फरक डोळ्यांत बसायला दोन वर्षं लागली. आमच्या मॅडम एक स्लाइड दहादहा वेळा लावायला लावायच्या.

पाण्याचंही ऐक. हिमॅटॉक्सिलिन या रंगानं केंद्रक आधी लालसर-जांभळं होतं, नंतर नळाच्या अल्कधर्मी पाण्यात धुतलं की निळं होतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. त्या वर्षी लॅबमध्ये कधी टँकरचं, कधी बोअरचं, आणि तेही मोजून. त्या उन्हाळ्यातल्या स्लाइड आजही बॉक्समधून काढल्या तर केंद्रकाचा निळा एकीचा एकीशी जुळत नाही. आम्ही माणसं ते मनातल्या मनात सांभाळून घेतो. तुझ्या मॉडेलला पाण्याची टंचाई कुणी शिकवली?

आणखी एक. पाळी गेलेल्या बाईच्या स्मिअरमध्ये पॅराबेसल पेशीच जास्त येतात. लहान पेशी, त्या मानानं केंद्रक मोठं. तिच्या वयाला ते नॉर्मल. म्हणून रिपोर्ट लिहिताना आम्ही आधी वय बघतो, पाळी कधी आली ते बघतो, मग काच. तुझ्या मॉडेलपुढं नुसती कापलेली पेशी आहे. बाई नाही.

हात घालावा का, असं विचारलंस. घाल. पण आधी महिनाभर मायक्रोस्कोपला डोळा लाव. मी आहे.

---

माजलगावची · मंगळवार, दुपारी 2:10

मी एएनएम, म्हणजे गावातली आरोग्यसेविका आहे, बीड जिल्ह्यात. दोघांनी चांगलं सांगितलं, पण दोघेही काचेपासून सुरुवात करतात. काचेवर कोण येतच नाही, ते मी सांगते.

आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. नवरा-बायको जोडीनं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलला परत. आता तपासणीचं शिबिर कधी लागतं? बहुतेक हिवाळ्यात. गावात त्या वेळी म्हातारी माणसं आणि लेकरं. ज्या बाईला सगळ्यात जास्त त्रास, पांढरं जातंय, कंबर धरलीय, फडावर धड आडोसा नाही, पाणी नाही, ती त्या दिवशी तिकडं फडात असते. तिची स्लाइड तुमच्या डेटामध्ये येणारच नाही. आणि एखादीची घेतली, रिपोर्ट खराब आला, तरी सांगायला मी जाऊ कुठं? फोन मुकादमाकडं असतो. मुकादमाजवळ असला निरोप ठेवता येत नाही.

आणखी, आमच्याकडं पिशवी काढलेल्या बाया वाडी-तांड्यावर भेटतात, पस्तिशीच्या आतल्यासुद्धा. 2019 साली राज्य सरकारनं यावर समिती नेमली होती, पेपरात खूप आलं. त्यातल्या कितीजणी मला सांगतात, "कॅन्सर होईल म्हणले म्हणून काढून टाकली." साधा पांढऱ्याचा त्रास होता, औषधानं गेला असता. म्हणून तुझ्या मॉडेलचं हे चुकणं मला फार टोचलं. चांगल्या बाईला "बिघडलेली" म्हणणं हा आमच्याकडं नुसता आकड्याचा प्रश्न नाही. तो कागद घेऊन ती कुणापुढं जाऊन बसेल आणि तिला काय सांगितलं जाईल, ते मी डोळ्यानं बघितलंय.

---

गोदाकाठ_नांदेड · मंगळवार, रात्री 9:30

माजलगावच्या ताईंनी म्हटलंय त्याचा हिशोब मांडतो, कारण हा प्रत्येक प्रोजेक्टमध्ये राहून जातो.

उदाहरणासाठी धरून चाला की तपासायला 10,000 बाया आल्या आणि त्यांतल्या 100 जणींना खरंच बिघाड आहे. तुमचं मॉडेल चांगलं आहे असंही धरू. आजारी शंभरातल्या 95 पकडतं आणि निरोगी शंभरातल्या 95 जणींना नीट सोडतं. तर 95 आजारी सापडल्या. पण निरोगी 9,900 आहेत, त्यांच्या पाच टक्के म्हणजे 495 जणींनाही ते आजारी म्हणालं. एकूण 590 जणींच्या हातात खराब रिपोर्ट, त्यांत खऱ्या आजारी 95. म्हणजे सहातली एक. उरलेल्या पाचजणी धास्तावून कुणाच्या दारात जातील, ते ताईंनी लिहिलंच आहे.

तुमच्या डेटासेटमध्ये बिघडलेल्या पेशी जवळजवळ 40 टक्के आहेत. गावात तसं प्रमाण कधीच नसतं. त्यामुळं तिथला आकडा गावाला लागू होत नाही.

हे सगळीकडंच झालंय. पॅप स्लाइड वाचायला न्यूरल नेटवर्क लावलेलं पॅपनेट नावाचं यंत्र अमेरिकेत 1995 सालीच मंजूर झालं होतं, म्हणजे कल्पना तुमच्या वयापेक्षा जुनी आहे. 2019 साली कोस्टा रिकातल्या गुआनाकास्ते भागातला अभ्यास आला. 9,406 स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचे 1990 च्या दशकात काढलेले फोटो, सात वर्षं पाठपुरावा, आणि त्यावर शिकवलेल्या मॉडेलनं त्याच फोटोंवर माणसाच्या नजरेपेक्षा सरस काम केलं. सगळीकडं गाजावाजा झाला. पण ते फोटो एका खास फिल्म-कॅमेऱ्याचे होते. मोबाइल किंवा दुसऱ्या कॅमेऱ्याचे फोटो दिले की गणित बिघडायचं. मोठमोठे लोकही तुमच्यासारखेच अडलेत, एवढंच सांगायचंय.

---

तेरणाकाठ · गुरुवार, रात्री 10:05

सगळ्यांना नमस्कार. दोन दिवस लिहू शकले नाही.

ग्रुप-के-फोल्ड करून पुन्हा शिकवलं. आकडा नव्वदीच्या खाली आला. सरांना दाखवला, ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे लिही, का फरक पडला तेही लिही. मला वाटलं होतं रागावतील.

लातूरचे फोटो पुन्हा बघितले. काकू, खरंच नारंगी आहेत. सगळे नाहीत, पण ज्या स्लाइडवर नारंगी छटा जास्त, त्याच स्लाइडवर मॉडेलनं सगळ्यात जास्त डिस्केराटोटिक म्हटलंय. मी ग्रीसचे थोडे फोटो घेऊन त्यांची नारंगी छटा मुद्दाम वाढवून दिली, तर त्यालाही ते फसलं. आता तो फोल्डर बाजूला काढलाय. दोन फोटोंत नावाचं टोक आलं होतं, ते त्याच रात्री पुसून टाकले. कमिटीचा अर्ज सरांनी हातात घेतलाय.

माजलगावच्या ताई, तुमचं वाचून मी आईला सगळं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली.

एक प्रश्न उरलाच. मुळात स्लाइड बघूनच ओळखायचं, हाच रस्ता बरोबर आहे का? एचपीव्हीची थेट तपासणी असते असं वाचलं.

---

काचपट्टी · शुक्रवार, सकाळी 7:15

हा प्रश्न कधी विचारतेस याचीच वाट बघत होते. माझं सगळं आयुष्य स्लाइडवर गेलं, तरी खरं ते सांगते.

याचं उत्तर जगाला तुझ्याच जिल्ह्यानं दिलंय. 1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लियॉंची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, असे तिघं मिळून. डॉ. शंकरनारायणन यांच्या नावानं तो निबंध 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया. गावांचे 52 गट केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं: काही गावांत एचपीव्हीची तपासणी, काहींत माझी पॅप स्लाइड, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं, आणि काहींत नेहमीचंच, म्हणजे माहिती दिली पण तपासणी नाही. मग आठ वर्षं नोंद ठेवली.

एचपीव्हीच्या गटात 34,126 बाया होत्या, त्यांत या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात 31,488 बाया, तिथं 64. पुढच्या टप्प्यातला कॅन्सर एकीकडं 39, दुसरीकडं 82. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीनं जवळजवळ निम्म्यावर. पॅपच्या आणि ॲसिडच्या गटात मात्र मृत्यूत ठोस म्हणता येईल अशी घट दिसली नाही. (ॲसिडच्या तपासणीला टाकून देऊ नको. टाटानंच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी ती केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले होते.) हा निकाल वाचला त्या दिवशी मी स्लाइडचा ट्रे पुढ्यात घेऊन बराच वेळ नुसती बसले होते. पण विषाणू आधी येतो आणि पेशी बिघडते कित्येक वर्षांनी. आम्ही पेशी बिघडल्यावर बघतो, ती तपासणी विषाणूच बघते. जागतिक आरोग्य संघटना आज पहिली तपासणी एचपीव्हीचीच करा म्हणते.

ज्या 31,488 बायांना तपासणी मिळाली नाही, त्यांच्यावरून नंतर मोठे आक्षेप घेतले गेले, आणि मला ते रास्त वाटतात. ते चौसष्ट मृत्यू आपल्याच भागातल्या बायांचे आहेत. तो आकडा वाचताना हे मनात असू दे.

मग तुझं मॉडेल वाया गेलं का? नाही. एचपीव्ही निघालेल्या सगळ्यांनाच बिघाड नसतो, बहुतेकींचा विषाणू आपोआप जातो. कुणाला लगेच पुढं पाठवायचं, कुणाला वर्षभर थांबवायचं, ते ठरवायला पेशी बघावी लागते. तिथं 10,000 बाया नसतात, आधीच निवडलेल्या थोड्या असतात. दादांचा हिशोब तिथं पुन्हा मांडून बघ, खऱ्या आजारी सहातल्या एकीपेक्षा जास्त निघतील. आणखी एक काम तर तू पाच आठवड्यांत करू शकतेस. "ही स्लाइड वाळलेली आहे, पुन्हा घ्या" एवढंच सांगणारं मॉडेल कर. नर्सनं बाई जायच्या आत ते बघितलं तर तिचा दुसरा हेलपाटा वाचेल. पण त्यासाठी काच रंगवायच्या आधीच वाळलेली ओळखता आली पाहिजे, तो तुझ्या डोक्याचा भाग. मला वाटतं चमक बघून जमेल. ओली काच चमकते.

---

तेरणाकाठ · शनिवार, दुपारी 4:30

काकू, आजीला विचारलं. तिला आठवतंय! "जीप आल्ती. शाळंत पडदा लावला हुता. बाईनं काय तरी लावलं, त्याचा असा आंबूस वास नाकात गेला. मग म्हणली, आजी काय न्हाई तुमाला, जा." ती तेव्हा पन्नाशीची. मावसआजी दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली, तिच्या गावाला असली जीप कधी गेलीच नाही, असं आजी म्हणते.

वाळलेल्या काचेचं काम मी करते. तुमच्या लॅबमध्ये रिकाम्या काचांवर सराव करता येईल का? बाईच्या स्लाइडला हात लावणार नाही, परवानगी येईपर्यंत.

---

काचपट्टी · शनिवार, संध्याकाळी 7:00

तो आंबूस वास ॲसिटिक ॲसिडचा. म्हणजे तुझी आजी डोळ्यांनी बघायच्या गटातली असावी. त्या गटात 34,074 बाया होत्या. सांग तिला.

सरावाला स्वतःच्या गालाच्या आतून पेशी घे. त्याही काचेवर अशाच वाळतात. मंगळवारी अकराला ये. दोन काचा एकदम पसरवू, एक लगेच बुडवू, दुसरी पंख्याखाली धरू आणि तू मोबाइलनं दर पाच सेकंदाला फोटो काढ.

---

तेरणाकाठ · शनिवार, संध्याकाळी 7:20

येते. काकू, आई 49 ची आहे. तिची अजून एकदाही तपासणी झालेली नाही. कालपासून तीच विचारतेय. तिला सोबत आणू का?

---

काचपट्टी · शनिवार, संध्याकाळी 7:25

आण. तिथं डॉक्टरीणबाई आहेत, एचपीव्हीचा नमुनाही घेतात. पाळी चालू असेल तर पुढचा मंगळवार धर. आणि आदल्या दोन दिवसांत आतून कुठलं औषध लावू नको म्हणावं.